वर्षाला ३० डॉलर



आई-बाबा अमेरिकेत आले की आपण त्यांना नायगारा दाखवतो, वॉशिंग्टन दाखवतो, आणि सुट्टी उरली तर गेटिसबर्ग. तिथल्या तोफा आणि पुतळे बघून बाबा हमखास विचारतात, "हे नक्की कशासाठी लढले रे?" मग आपण लिंकन, गुलामगिरी, उत्तर विरुद्ध दक्षिण असं जेवढं आठवेल तेवढं सांगतो. मुंबईचा इतिहास थोडाफार वाचलेला असेल तर हेही सांगतो की या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला, मुंबईत पैशाचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती तेजी साफ झोपली.

मला आज तोफांबद्दल लिहायचं नाही. एका फॉर्मबद्दल लिहायचं आहे. युद्धात हरलेल्या बाजूच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैनिकाच्या गरीब विधवेने राज्य सरकारकडे पेन्शन मागण्यासाठी भरलेला फॉर्म.

मी राहतो नॉर्थ कॅरोलायनात, राली शहराच्या शेजारी कॅरी गावात. पोटापाण्यासाठी डेटाबेसचं काम करतो. त्यामुळे कुठलाही फॉर्म दिसला की मी आधी त्यातले रकाने बघतो. माणसाने काय भरलंय ते नंतर. कोणत्या माहितीसाठी जागा ठेवली आहे आणि कोणत्या माहितीसाठी ठेवलेली नाही, यावरून फॉर्म तयार करणाऱ्याचं डोकं कळतं. राज्याच्या दप्तरखान्याने, म्हणजे स्टेट अर्काइव्हजने, हे जुने पेन्शनचे अर्ज स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत. घरबसल्या बघता येतात. काही महिने शनिवारी सकाळी चहाबरोबर मी तेच बघत बसत होतो.

आता आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढचं नीट लागेल.

सिव्हिल वॉर १८६१ ते १८६५. मेलेल्यांचा जुना आकडा ६ लाख २० हजार, नंतरच्या अभ्यासकांनी तो ७ लाखांच्या पुढे नेला. दोन्हीकडे गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसं गेली. गोवर, हगवण, टायफॉइड. युद्ध संपल्यावर प्रश्न आला विधवांचा. जिंकलेल्या युनियनच्या सैनिकांसाठी वॉशिंग्टनच्या सरकारने १८६२ मध्येच पेन्शनचा कायदा केला होता. साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर. १८८६ मध्ये त्याचे १२ झाले. पुढे ही पेन्शन इतकी वाढली की १८९० च्या दशकात केंद्र सरकारच्या खर्चात ती सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक होती.

दक्षिणेच्या सैनिकाला यातलं काही नाही. तो या सरकारविरुद्ध लढला होता, आणि ज्या सरकारसाठी लढला ते सरकार आता शिल्लकच नव्हतं. त्या सरकारच्या नोटा आणि रोखे म्हणजे नुसता कागद. म्हणजे दक्षिणेतली माणसं कर भरत होती, त्यातून उत्तरेच्या विधवेला पेन्शन जात होती, आणि शेजारच्या घरातल्या दक्षिणेच्या विधवेला काही नाही. राहता राहिली राज्य सरकारं. ती स्वतः युद्धात धुपलेली. जशी ऐपत आली तशी एकेका राज्याने स्वतःची पेन्शन सुरू केली.

आमच्या नॉर्थ कॅरोलायनाचा क्रम बघा. १८६६ मध्ये राज्याने हातपाय गमावलेल्या सैनिकांना कृत्रिम अवयव द्यायला सुरुवात केली. दक्षिणेतल्या राज्यांमध्ये हे पहिलं. १८६७ पासून आंधळे झालेल्या किंवा हातपाय गेलेल्या काही जणांना पेन्शन. आणि विधवांना? १८८५. युद्ध संपल्यावर वीस वर्षांनी. इतर राज्यांतही थोड्याफार फरकाने हीच गत. अलाबामा १८८६, व्हर्जिनिया १८८८, फ्लोरिडा १८८९. टेनेसीने सैनिकांना १८९१ मध्ये दिली, पण विधवांना १९०५ मध्ये. आर्कान्सॉने विधवांचा विचार केला तो १९१५ मध्ये, युद्धानंतर पन्नास वर्षांनी.

हिशेब करून बघा. एखादी बाई १८६३ मध्ये पंचविशीत विधवा झाली, पदरात दोन-तीन पोरं. पोरं लहान असताना, शेतात राबायला कोणी नसताना, तिला सरकारकडून काही मिळालं नाही. १८८५ मध्ये ती सत्तेचाळीस वर्षांची. पोरं मोठी झाली, त्यांचीही लग्नं झाली. आणि आता सरकार विचारतंय, "बाई, तुम्हाला मदत हवी का? मग हा फॉर्म भरा."

तर तो फॉर्म. छापील मजकूर, मध्ये मध्ये रिकाम्या जागा. काउंटीचं नाव. बाईचं नाव, वय, पत्ता. नवऱ्याचं नाव, कोणती कंपनी, कोणती रेजिमेंट, कधी भरती झाला. कुठे आणि कधी मेला. मग येतात खऱ्या अटी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पुन्हा लग्न केलेलं नाही. स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावावर ५०० डॉलरपेक्षा जास्त किमतीची मालमत्ता नाही. खाली साक्षीदार आणि अधिकाऱ्याची सही. दुसऱ्या राज्यांच्या फॉर्मवर थोडे वेगळे प्रश्न, पण सांगाडा तोच. नवरा आमच्या बाजूने लढला हे सिद्ध करा, त्याने पळ काढला नव्हता हे सिद्ध करा, तुम्ही त्याच्याच राहिलात हे सिद्ध करा, आणि तुम्ही गरीब आहात हे सिद्ध करा.

यातल्या शेवटच्या दोन अटी मला सारख्या टोचत राहिल्या. सैनिकाचा मान म्हणून पेन्शन असेल, तर गरिबीचा दाखला कशाला? आणि गरिबीची मदत असेल, तर दुसरं लग्न केलेल्या आणि पुन्हा उघड्यावर पडलेल्या बाईने काय घोडं मारलं? सरकारला दोन्ही हवं होतं. भाषणात मान आणि हिशेबात मदत.

हे नवरे होते तरी कोण? मोठे मळेवाले होते का? काही होते, पण पेन्शनच्या फॉर्मवर त्यांच्या बायका दिसायच्या नाहीत, ५०० डॉलरची अट त्यांना गाळून टाकायची. फॉर्मवर दिसतात त्या छोट्या शेतकऱ्यांच्या बायका. एप्रिल १८६२ मध्ये कॉन्फेडरेट सरकारने १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांवर सक्तीची भरती लादली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवलत काढली की ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम आहेत, तिथल्या एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत जास्त गुलाम तो घरी, आणि ज्याच्याकडे एकही नाही तो खंदकात. "श्रीमंतांचं युद्ध, गरिबांची लढाई" असं तेव्हाच लोक म्हणायला लागले होते.

आणि मागे राहिलेल्या बायका गप्प बसल्या असंही नाही. मार्च १८६३ मध्ये आमच्याच राज्यातल्या सॉल्सबरी गावात सुमारे पन्नास बायका कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडल्या. बहुतेक सैनिकांच्या बायका. व्यापाऱ्यांनी पीठ-मीठ दाबून ठेवलंय आणि भाव चढवलेत, असा त्यांचा आरोप. त्यांनी गोदामांतून पिठाची पिंपं काढून नेली. पुढच्या महिन्यात खुद्द राजधानी रिचमंडमध्ये असाच ब्रेडचा दंगा झाला. गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांच्याकडे तर बायकांची पत्रं सतत यायची, मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये, की माझ्या नवऱ्याला घरी पाठवा, पोरं उपाशी आहेत. त्यांपैकी कितीजणींनी वीस वर्षांनी हा फॉर्म भरला असेल कोण जाणे.

आता पुराव्याकडे येऊ. हा भाग आपल्या धंद्यातला आहे, त्यामुळे मला जास्त रस.

१८८५ मध्ये एका गरीब बाईकडे पुरावा काय असणार? लग्नाचा दाखला असला तर असला. नवऱ्याचं रणांगणावरून आलेलं पत्र जपून ठेवलं असेल तर. मृत्यूचा दाखला हा प्रकारच नव्हता. माणूस व्हर्जिनियातल्या कुठल्या तरी हॉस्पिटलमध्ये तापाने गेला, किंवा मेरीलंडमधल्या पॉइंट लुकआउटच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेला, आणि घरी कळलं ते बरोबरच्या शिपायाकडून. म्हणून सगळी भिस्त साक्षीदारावर. नवऱ्याच्या कंपनीतला एखादा सोबती जिवंत असेल, लिहून देईल की होय, हा माझ्याबरोबर होता, मी त्याला पडताना पाहिला, तर अर्ज उभा राहायचा. सोबती मेला असेल, टेक्सासला निघून गेला असेल, तर बाई अडकली.

सरकारी कागद अगदीच नव्हते असं नाही. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड जळालं तेव्हा बरेच कागद खाक झाले, पण लष्करी दप्तराचा मोठा भाग आधी हलवला होता, तो शार्लट इथे युनियनच्या ताब्यात गेला आणि वॉशिंग्टनला पोचला. म्हणजे दक्षिणेच्या विधवेच्या नवऱ्याची हजेरी शत्रूच्या कपाटात! राज्याने १८८२ मध्ये मूर नावाच्या गृहस्थांकडून सैनिकांची यादी चार खंडांत छापून घेतली होती, तिचा आधार होता, पण ती अपुरी.

नीट काम झालं ते पुढे, आणि ते केलं फ्रेड एन्सवर्थ नावाच्या लष्करी डॉक्टरने. १८८० च्या दशकाच्या शेवटी युनियनच्या पेन्शनवाल्यांची चौकशी करताना वॉर डिपार्टमेंटचे कारकून हजेरीपटांचे गठ्ठे उलटत बसायचे. पटाचे कागद हाताळून हाताळून फाटत चाललेले. एन्सवर्थने पद्धत बदलली. प्रत्येक हजेरीपटावरची प्रत्येक नोंद वेगळ्या कार्डावर उतरवायची, आणि एका सैनिकाची सगळी कार्डं एका लिफाफ्यात. पट बघायची गरजच नाही, नावाचा लिफाफा काढा. मंडळी, आपण याला आज इंडेक्सिंग म्हणतो! १९०३ पासून हेच काम कॉन्फेडरेट सैनिकांसाठी सुरू झालं. त्यानंतर राज्याचं पेन्शन खातं वॉशिंग्टनला पत्र टाकून विचारू शकायचं की अमुक कंपनीत अमुक माणूस होता का. उत्तर "नोंद सापडते" असं आलं तर बाईचं नशीब. कधी उत्तर यायचं की गैरहजर, पळून गेल्याची नोंद. चाळीस वर्षांपूर्वी नवरा पीक काढायला दोन आठवडे घरी आला असेल, परत जाऊन लढताना मेलाही असेल, पण पटावर शेवटची नोंद कोणती राहिली यावर सगळं.

सहीच्या जागी काय असतं ते सांगायलाच हवं. अनेक अर्जांवर कारकुनाने बाईचं नाव लिहिलेलं असतं, आणि नाव आणि आडनाव यांच्या मध्ये एक फुली. फुलीच्या वर आणि खाली बारीक अक्षरात "हिची" "खूण" अशा अर्थाचे शब्द. आपल्याकडे जुन्या खरेदीखतावर "निशाणी डावा अंगठा" असतं, तस्सं. काही फुल्या सरळ आहेत, काही थरथरलेल्या. एक-दोन ठिकाणी पेन इतकं दाबलंय की स्कॅनमध्ये डाग दिसतो.

माझ्या ऑफिसात एक वयस्क गोऱ्या बाई होत्या, आता निवृत्त झाल्या. सात पिढ्या याच राज्यातल्या. मी हे वाचतोय कळल्यावर त्यांनी एक दिवस डेस्कशी येऊन एका अर्जाची प्रत दाखवली. त्यांच्या पणजीच्या आईचा अर्ज. म्हणाल्या, "आमच्याकडे तिचा फोटो नाही. तिच्या हातचं एक अक्षर नाही, तिला लिहिता येत नव्हतं. कबरीवर दगडही धड नाही. तिने जगात स्वतःच्या हाताने केलेली एवढी एक खूण आहे." आणि फुलीवर बोट ठेवलं.

आणि हा सगळा खटाटोप किती पैशांसाठी? नॉर्थ कॅरोलायनात १८८५ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला ३० डॉलर. वर्षाला हं, महिन्याला नाही. महिन्याचे अडीच. आणि तेही कागदावर, कारण एकूण निधी ठरलेला आणि अर्जदार भरपूर, त्यामुळे वाटणीत पूर्ण ३० सुद्धा हातात पडत नसत. त्याच सुमाराला युनियनच्या शिपायाची विधवा वर्षाला १४४ डॉलर घेत होती. जॉर्जियाने १८९१ पासून विधवांना वर्षाला १०० डॉलर द्यायला सुरुवात केली, पण अर्ज इतके आले की लवकरच ते ६० वर आणावे लागले.

लग्नाच्या तारखेचीही अट असायची. बऱ्याच राज्यांनी सुरुवातीला म्हटलं की लग्न युद्धाच्या काळातलं किंवा त्यानंतर लगेचचं हवं. भीती अशी की म्हाताऱ्या पेन्शनवाल्याशी तरण्या मुली लग्न करतील. आणि तसं झालंच, फक्त त्यामागचं कारण लोभापेक्षा भूक होती. मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, आर्कान्सॉमधल्या मॉडी हॉपकिन्स या १९ वर्षांच्या मुलीने ८६ वर्षांच्या माजी कॉन्फेडरेट सैनिकाशी लग्न केलं. त्याच्या घरी ती झाडलोट, धुणी करायची. दोन-तीन महिन्यांनी येणारी त्याची २५ डॉलरची पेन्शन हाच घरातला रोख पैसा. अलाबामात अल्बर्टा मार्टिन या एका मुलाच्या तरुण विधवेने १९२७ मध्ये ८१ वर्षांच्या सैनिकाशी लग्न केलं, त्याला महिना ५० डॉलर पेन्शन होती. तिला स्वतःला राज्याकडून विधवा म्हणून पेन्शन सुरू झाली १९९६ मध्ये! ती गेली ३१ मे २००४ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी. मॉडी हॉपकिन्स २००८ मध्ये गेली.

आता जरा अवघड भाग. हे वाचताना मनात एक आवाज सतत चालू असतो. अरे, हे लोक गुलामगिरी टिकवण्यासाठी लढले. यांच्या बायकांबद्दल इतकं वाईट वाटून घ्यायचं का? आपल्या रंगाच्या माणसाने तर दोनदा विचार करावा.

मी केला. माझं उत्तर असं की ज्या बाईकडे ना जमीन, ना गुलाम, ना मत द्यायचा हक्क, तिने ते युद्ध पुकारलं नव्हतं. तिची गरिबी खरी आहे आणि तिच्याबद्दल वाईट वाटायला माझी हरकत नाही. पण तिचा फॉर्म वाचताना ज्यांच्यासाठी फॉर्मच छापला गेला नाही, त्यांनाही शेजारी बसवायला हवं. नाहीतर गोष्ट अर्धी राहते.

टेनेसीचंच उदाहरण घेऊ. कॅली हाउस ही तिथली एक विधवा. १८६१ च्या सुमाराला गुलामीत जन्मलेली, पाच मुलांची आई, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. तिने १८९० च्या दशकात एक संघटना उभी केली. मागणी साधी होती. सैनिकांना केलेल्या कामाची पेन्शन मिळते, तर मग आयुष्यभर फुकट राबलेल्या म्हाताऱ्या गुलामांनाही मिळावी. ही कल्पना हवेतली नव्हती. १८९० मध्ये काँग्रेसमध्ये तसं विधेयक आलं होतं, सत्तरीच्या पुढच्या माजी गुलामाला एकरकमी ५०० डॉलर आणि महिना १५ अशी त्यात तरतूद. ते पास झालं नाही. पुढचीही झाली नाहीत. कॅली हाउस गावोगाव फिरून सभासद जमवत राहिली, दफनाचा खर्च, आजारपणाची मदत असंही संघटना करायची. सरकारने काय केलं? १८९९ पासून तिची टपाल अडवली, आणि शेवटी लोकांना पेन्शनची खोटी आशा दाखवून टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली १९१७ मध्ये तिला वर्षभरासाठी तुरुंगात पाठवलं.

म्हणजे बघा. एकाच राज्यात, एकाच काळात, दोन गरीब विधवा. एकीला १९०५ मध्ये सरकार फॉर्म देतं, कितीही अपमानकारक असला तरी फॉर्म देतं. दुसरी फॉर्म मागते, तर तिला तुरुंग.

दक्षिणेतल्या काही राज्यांनी पुढे काळ्या माणसांनाही थोडी पेन्शन दिली, पण कोणाला? जे गुलाम म्हणून आपल्या मालकाची सेवा करायला लष्कराबरोबर गेले होते त्यांना. मिसिसिपीने १८८८ पासून, आमच्या राज्याने १९२७ पासून. जो पळून जाऊन युनियनच्या बाजूने लढला, त्याला राज्याकडून अर्थातच काही नाही. त्याची विधवा केंद्राकडे जायची, आणि तिथे तिचीही परीक्षा व्हायची. गुलामांची लग्नं कायद्याने लग्नंच नव्हती, मग लग्नाचा पुरावा कुठला आणायचा? १८६४ च्या कायद्याने त्यात थोडी वाट काढली, दोघे नवरा-बायको म्हणून एकत्र राहत होते असं साक्षीदारांनी सांगितलं तर चालेल. खुद्द हॅरिएट टबमनची गोष्ट घ्या, शेकडोंना सोडवणाऱ्या चळवळीतलं मोठं नाव. तिचा नवरा युनियनचा सैनिक. त्याचं नाव लष्करात नेल्सन चार्ल्स आणि नंतर नेल्सन डेव्हिस. दोन्ही एकच माणूस हे पटवून महिना ८ डॉलर पदरात पडायला तिला १८९० ते १८९५ अशी पाच वर्षं लागली. ज्यांच्या पासपोर्टवर एक नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं आहे, त्यांना ही वेदना मी वेगळी समजावून सांगायला नको.

या सगळ्याचा शेवट कधी झाला माहीत आहे? फार जुना नाही. १९५८ मध्ये काँग्रेसने कायदा करून कॉन्फेडरेट सैनिक आणि त्यांच्या विधवा यांनाही केंद्राची पेन्शन लागू केली. तोपर्यंत घेणारी माणसं थोडीच उरली होती. आणि सिव्हिल वॉरची अगदी शेवटची पेन्शन जात होती आमच्याच राज्यात, विल्क्सबरोला, आयरीन ट्रिपलेट या बाईला. तिचे वडील मोझ ट्रिपलेट आधी कॉन्फेडरेट सैन्यात होते. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या आधी हॉस्पिटलमधून निसटले आणि पुढे युनियनकडून लढले. १९२४ मध्ये, ७८ व्या वर्षी त्यांनी आपल्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान बाईशी लग्न केलं, आयरीन जन्मली १९३० मध्ये. वडील १९३८ मध्ये गेल्यावर आई आणि मुलगी काही वर्षांनी काउंटीच्या अनाथ-गरिबांच्या घरात राहायला गेल्या. आयरीनला अपंग मूल म्हणून केंद्राची पेन्शन होती, महिना ७३ डॉलर १३ सेंट. ती गेली ३१ मे २०२० ला. म्हणजे पळून जाऊन बाजू बदललेल्या शिपायाच्या मुलीला पेन्शन मिळाली, आणि त्याच्याच रेजिमेंटमधले जे पळाले नाहीत, गेटिसबर्गला मेले, त्यांच्या बायकांना १८८५ पर्यंत शून्य.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, जून २०२० मध्ये, रालीच्या जुन्या कॅपिटॉलसमोरचे कॉन्फेडरेट पुतळे उतरवले. एक होता १८९५ चा उंच खांब. दुसरा १९१४ चा, खास "कॉन्फेडरसीच्या स्त्रियां"साठी. त्यात मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली एक आजी, शेजारी तलवार धरलेला नातू. तो उतरवल्याचं मला दुःख नाही. पण अर्ज वाचल्यापासून त्या पुतळ्यातली एक गोष्ट खटकते. त्या आजीच्या हातात पुस्तक आहे. अर्ज करणाऱ्या कितीतरी जणींना फुलीच्या पलीकडे काही लिहिता येत नव्हतं.

असो. आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे, आणि अगदी जवळचा आहे. बाईचा हक्क नवऱ्याच्या कागदावर टांगलेला असणं हा प्रकार १८८५ मध्ये संपला नाही. आपल्यातल्या कित्येक जणी इथे एच-४ वर आहेत. नवऱ्याची एच-१ आहे तोवर त्यांचा इथे राहण्याचा हक्क. २०१७ मध्ये कॅन्सासमध्ये एका भारतीय इंजिनिअरची गोळी घालून हत्या झाली, तेव्हा दुःखात बुडालेल्या त्याच्या पत्नीसमोर दुसऱ्याच दिवसापासून प्रश्न उभा होता की आता ती कोणत्या व्हिसावर इथे राहणार. ग्रीन कार्डचा अर्ज आधीच झालेला असेल तर २००९ च्या कायद्याने मागे राहिलेल्यांची काही प्रमाणात सोय केली आहे, पण ते आपोआप होत नाही, मागावं लागतं, सिद्ध करावं लागतं. आणि दुसऱ्या लग्नाची ती जुनी अट? सोशल सिक्युरिटीत आजही आहे. साठीच्या आत पुनर्विवाह केला तर ते लग्न टिकून असेपर्यंत पहिल्या जोडीदाराच्या नावावरचा विधवा किंवा विधुर म्हणून मिळणारा लाभ बंद.

म्हणून या वीकेंडला एक काम करा. दोघांनी मिळून बसा, एकट्याने नको. लग्नाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट काढून ठेवा (लग्नाचा अल्बम पुरावा म्हणून चालत नाही). लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, मधलं नाव, आडनावाचं स्पेलिंग सगळीकडे जुळतंय का बघा. ४०१-के आणि विम्यावर नॉमिनी म्हणून अजून आई-वडिलांचंच नाव आहे का ते बघा. ग्रीन कार्डच्या अर्जाच्या पावत्यांचे नंबर जोडीदाराला माहीत असू द्या. व्हिसाच्या बाबतीत मी वकील नाही, तेव्हा शंका असेल तर वकिलालाच विचारा.

आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी आपापल्या राज्याच्या अर्काइव्हजमध्ये हे अर्ज एकदा जरूर बघावेत. टेक्सास, जॉर्जिया, व्हर्जिनिया, टेनेसी, सगळ्यांकडे आहेत. आपण ज्या मातीत घरं घेतली, मुलं वाढवतोय, तिथे आपल्याआधी कोण राहत होतं ते कळतं. त्यांच्या सेनापतींची नावं रस्त्यांना असतात. या बायकांची नावं फक्त फॉर्मवर आहेत, आणि तीही दुसऱ्याने लिहिलेली.

चूकभूल द्यावी घ्यावी. कोणाच्या वाचनात असे अर्ज आले असतील तर जरूर कळवा.

आपला,
एक कॅरीकर